एकशे सात कोटींतलं एक अंडं

१६८ आणि १६९. फरक अवघ्या एकाचा, पण या एकापायी लोक शेकडो अंडी उबवतात.

समजा, जळगावजवळच्या नशिराबादमध्ये दोन मावसभाऊ समोरासमोर बसून पोकेमॉन हा व्हिडिओ गेम खेळताहेत. दोघांकडे प्राणी एकच : गार्चॉम्प, शार्कसारखा दिसणारा ड्रॅगन. दोघांनीही तो पन्नासाव्या लेव्हलपर्यंत आणलाय. स्वभाव सारखा, सरावही सारखाच. तरी एकाच्या गार्चॉम्पचा वेग १६९ भरतो आणि दुसऱ्याचा १६८. वेग समसमान असता तर पहिला वार कोणाचा, हे खेळाने नाणं उडवल्यासारखं ठरवलं असतं. इथे मात्र शंभर लढाया झाल्या तर शंभर वेळा १६९वालाच आधी वार करणार. ड्रॅगनचा वार ड्रॅगनला दुप्पट लागतो, त्यामुळे ज्याचा वार आधी, त्याचीच लढाई बहुतेक.

हा एक आकडा आला कुठून, ते हिशेबातच पाहू. गार्चॉम्प या जातीचा मूळ वेग १०२. त्याची दुप्पट २०४. त्यात सरावाचे ६३ आणि जन्मजात गुणाचे ३१ मिळवले की २९८. पन्नासाव्या लेव्हलला त्याचे निम्मे, म्हणजे १४९. वर ५ मिळवून १५४. वेगाला पूरक स्वभाव असेल तर दहा टक्के वाढ, म्हणजे १६९.४, अपूर्णांक सोडला की १६९. आता जन्मजात गुण ३१ ऐवजी ३० धरा. बेरीज २९७, निम्मे १४८.५, त्यातले धरायचे १४८, मग १५३ आणि शेवटी १६८. अंड्यात असतानाच ठरलेला एक गुण कमी पडला आणि पुढची प्रत्येक लढाई मागून खेळावी लागली.

खेळणारे या जन्मजात गुणाला ‘आयव्ही’ म्हणतात. प्रत्येक प्राण्याला असे सहा गुण मिळतात : आयुष्य, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. प्रत्येकाची किंमत ० ते ३१ यांपैकी काहीही असू शकते, म्हणजे ३२ शक्यता. सहाही गुण एकमेकांपासून स्वतंत्र, म्हणून ३२ ला सहा वेळा गुणायचं.

पहिल्या गुणाला ३२ शक्यता. दुसरा धरला की १,०२४. तिसऱ्याला ३२,७६८, एवढ्या संख्येत एखादं मोठं बाजाराचं गाव बसेल. चौथ्याला १० लाख ४८ हजार ५७६. २०११च्या जनगणनेतल्या जळगाव शहराच्या दुपटीहून जास्त. पाचव्याला ३ कोटी ३५ लाख ५४ हजार ४३२. तेव्हाच्या जळगाव जिल्ह्यासारखे जवळपास आठ जिल्हे. सहाव्याला १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४. २००१च्या जनगणनेत अख्ख्या भारताची लोकसंख्या १०२ कोटींच्या घरात होती. सहा वेळा गुणलं आणि गाव ओलांडून देश मागे टाकला.

त्यावर स्वभाव, म्हणजे ‘नेचर’. असे २५ स्वभाव आहेत. बहुतेक स्वभाव एक गुण दहा टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरा तेवढाच घटवतात. २५ ने गुणलं की २,६८४ कोटी ३५ लाख ४५ हजार ६००. नोव्हेंबर २०२२ मध्ये पृथ्वीवरची माणसं ८०० कोटी झाली. एकाच जातीच्या प्राण्याचे जन्मजात प्रकार त्यांच्या तिपटीहून जास्त आहेत, आणि अशा जाती आता १,०२५ आहेत. १९९६ साली जपानमध्ये सातोशी ताजिरी यांच्या गेम फ्रीक कंपनीने पहिला खेळ आणला, तेव्हा त्या १५१ होत्या.

आता नुसत्या नशिबावर विसंबलं तर काय होईल ते पाहू. सहाही गुण ३१ असलेलं एक पिल्लू हवंय. दर मिनिटाला एक अंडं फुटतं असं धरू; झोप नाही, जेवण नाही, सुटी नाही. सरासरीने वाट पाहावी लागेल १०७ कोटी मिनिटं, म्हणजे सुमारे २,०४१ वर्षं. शालिवाहन शक सुरू व्हायच्याही आधी बसावं लागलं असतं. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी कोरली गेली त्या सातवाहनांच्या काळात पहिलं अंडं हातात घेतलं असतं, तर मनासारखं पिल्लू साधारण आज मिळालं असतं. स्वभावही ठरावीकच हवा म्हटलं तर ५१ हजार वर्षं.

तरीही असे प्राणी जगभरातल्या असंख्य मुलांकडे आहेत, आणि त्यांनी ते काही दिवसांत तयार केले आहेत. मला या खेळाचं खरं नवल इथे वाटतं. १०७ कोटींचा डोंगर त्यांनी नशिबाने ओलांडला नाही. वारसा कसा चालतो हे समजून घेऊन त्यांनी तो पायरी-पायरीने उतरवला.

पैदास पोकेमॉनमध्ये आली ती १९९९च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या खेळांत. नर-मादी पाळणाघरात ठेवायची, फिरून यायचं, अंडं तयार. गुणांची ० ते ३१ ही पट्टी आणि २५ स्वभाव आले २००२च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये. पिल्लाचे तीन गुण आईबापांकडून यायचे, उरलेले तीन नशिबाचे. म्हणजे आईबाप दोघंही सर्वगुणसंपन्न असले तरी तसंच पिल्लू मिळण्याची शक्यता ३२ × ३२ × ३२, म्हणजे ३२,७६८ मध्ये एक.

मग २०१३ मध्ये ‘एक्स’ आणि ‘वाय’ आले आणि एका दोऱ्याने सगळं गणित पालटलं. ‘डेस्टिनी नॉट’ नावाचा लांब, बारीक, लालभडक दोरा. आईबापांपैकी एकाच्या जवळ तो ठेवला की सहापैकी पाच गुण वारशाने येतात आणि फक्त एक नशिबावर राहतो. आईबाप सर्वगुणसंपन्न असतील तर पिल्लू तसंच निघण्याची शक्यता ३२ मध्ये एक. एव्हरस्टोन नावाचा दगड दुसऱ्याजवळ ठेवला की स्वभावही हमखास उतरतो. कुठे १०७ कोटींत एक आणि कुठे ३२ मध्ये एक!

सहापैकी पाच गुण कोणते, हे खेळ दर वेळी आपणच निवडतो. अशा निवडी किती प्रकारच्या असू शकतात, हे मोजायची रीत आपल्याच मातीत आठशे वर्षांपूर्वी शिकवली जात होती. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणच्या शिलालेखात १२०७ सालच्या एका मठाची नोंद आहे. गणिती भास्कराचार्यांचे नातू, यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी चांगदेव यांनी तो आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केला. संशोधक भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त षड्रसांचं उदाहरण आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहांतून एकेक घेतला तर ६ प्रकार, दोन-दोन घेतले तर १५, तीन-तीनचे २०, चार-चारचे पुन्हा १५, पाच-पाचचे ६ आणि सहाही घेतले तर १, एकूण ६३. रसांच्या जागी गुण ठेवले की हाच पोकेमॉनचा तक्ता होतो. लाल दोरा सहांतून पाच निवडतो त्याचे प्रकार सहा, आणि पिल्लाला निदान एक तरी पूर्ण गुण मिळण्याचे प्रकार ६३. याच ग्रंथात ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं किती तऱ्हांनी अदलाबदल होतील, हे तिथे विचारलंय. उत्तर ३६ लाख २८ हजार ८००. मोठ्या आकड्याला न घाबरता त्याला हात घालायची ही रीत नशिराबादच्या मुलाला परकी नाही. ती त्याच्याच जिल्ह्यात मांडी ठोकून शिकवली गेली आहे.

याच रीतीने एक बारकावा उलगडतो. गार्चॉम्प अंगाने भिडणारा. विशेष हल्ल्याचा गुण त्याच्या फारसा कामाचा नाही. म्हणून जाणकार पाचच गुण पूर्ण करायला बघतात. आईबाप दोघांकडे तेच पाच गुण ३१ आहेत असं धरा. दोरा सहांपैकी एक गुण सोडणार. सहांत एकदा तो नेमका नको असलेलाच गुण सोडेल आणि काम फत्ते होईल. उरलेल्या पाच वेळा हवा असलेला गुण सुटेल आणि तो ३१ यायची शक्यता ३२ मध्ये एक. दोन्ही मिळून १९२ पैकी ३७, म्हणजे साधारण पाच अंड्यांमागे एक. जंगलात फिरून असाच प्राणी ठरावीक स्वभावासह शोधायचा तर ८३ कोटी ८८ लाखांत एक सापडेल.

आता अडचण उरते ती असे आईबाप आणायचे कुठून. इथे चिकाटी लागते. सुरुवातीला कुणाचा वेग पूर्ण असतो, कुणाचा बचाव. त्यांची जोडी लावायची. पिल्लांत एखादं असं निघतं ज्यात दोघांचंही चांगलं उतरलंय. ते ठेवायचं, त्याला आईच्या किंवा बापाच्या जागी बसवायचं आणि पुन्हा अंडी. दोनाचे तीन, तिनाचे चार, चाराचे पाच. प्रत्येक पिढीत मिळवलेलं हातचं जाऊ द्यायचं नाही. एका झटक्यात सहा गुण मागितले तर दोन हजार वर्षं. एकेक करून मागितले तर काही पिढ्या.

त्यातही श्रम आहेतच. शेवटच्या पायरीवर, ३२ मध्ये एक शक्यता असताना, निम्म्या लोकांचं काम २२ अंड्यांच्या आत होतं. शंभरातल्या नव्वदांचं ७३ अंड्यांत. शंभरातल्या एखाद्या बिचाऱ्याला १४६ अंडी फोडूनही हात हलवत बसावं लागतं. गार्चॉम्पचं पिल्लू गिबल. जुन्या खेळांत त्याचं एक अंडं फुटायला सुमारे १० हजार २४० पावलं लागायची. अशी ३२ अंडी म्हणजे ३ लाख २७ हजार पावलं. माणसाचं पाऊल पाऊण मीटरचं धरलं तर २४५ किलोमीटर. नशिराबादहून पायी निघालेला माणूस नाशिकच्या आसपास पोचेल. अंगात धग असलेला एखादा प्राणी सोबत ठेवला तर पावलं निम्मी होतात, आणि मुरलेला खेळाडू तो कधी विसरत नाही.

जन्मानंतरचा सराव हा वेगळा हिशेब. त्याला ‘ईव्ही’ म्हणतात. एका प्राण्याला एकूण ५१०, एका गुणाला जास्तीत जास्त २५२, आणि शंभराव्या लेव्हलला दर चारांमागे एक गुण वाढतो. गार्चॉम्पच्या हिशेबातले ६३ आले ते इथून. एका लढाईत एकच ईव्ही मिळत असेल तर २५२ लढाया कराव्या लागतील. २०१६च्या ‘सन’ आणि ‘मून’ या खेळांत हातात वजनदार कडं दिलं की दर लढाईला आठ जास्त मिळतात. पोकेरस नावाची बाधा झाली असेल तर सगळं दुप्पट, म्हणजे १८. आणि २५२ ला १८ ने भागलं की नेमक्या १४ लढाया. ही बाधा होण्याची शक्यता मात्र दर लढाईमागे सुमारे २१,८४५ मध्ये एक.

याच ‘सन’ आणि ‘मून’मध्ये आणखी एक सवलत मिळाली. शंभराव्या लेव्हलला पोचलेल्या प्राण्याचा कच्चा गुण चांदीचं किंवा सोन्याचं बूच देऊन ३१ सारखा करून घेता येऊ लागला. पण त्याच्या पिल्लाला वारशात मिळतो तो मूळचाच गुण. कमावलेलं बळ ज्याचं त्याच्यापाशी राहतं, रक्तातलंच तेवढं पुढे जातं. हा नियम करताना खेळ बनवणाऱ्यांनी निसर्गाशी इमान राखलंय.

काहींना बळकटपणाही पुरत नाही. त्यांना वेगळ्या रंगाचा, ‘शायनी’ प्राणी हवा असतो. तो पूर्वी ८,१९२ मध्ये एक निघायचा, २०१३ पासून ४,०९६ मध्ये एक. जंगलात अचानक सर्वगुणसंपन्न आणि शायनी असा दोन्ही एकत्र सापडण्याची शक्यता ४ लाख ३९ हजार ८०४ कोटींत एक. आपल्या आकाशगंगेतल्या ताऱ्यांचा नेहमी सांगितला जाणारा वरचा अंदाज ४० हजार कोटींचा. हा आकडा त्याच्याही दहापट पुढे. पण दोन वेगळ्या भाषांतल्या खेळांमधले आईबाप एकत्र आणले की शायनी निघण्याची शक्यता वाढते. खेळ बनवणाऱ्यांपैकी एक असलेल्या जुनिची मसुदा यांच्या नावाने ही ‘मसुदा मेथड’ ओळखली जाते. त्याला ‘शायनी चार्म’ या वस्तूची जोड दिली की ५१२ मध्ये एक. त्याला लाल दोऱ्याचे ३२ गुणले की १६,३८४ मध्ये एक. अवघड खरं, पण माणसाच्या आयुष्यात बसणारं.

फोनवरचा ‘पोकेमॉन गो’ भारतात १४ डिसेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओच्या साथीने आला. त्यात गुण तीनच आणि प्रत्येक ० ते १५, म्हणून एकूण प्रकार ४,०९६. अंड्यातून निघालेल्या पिल्लाचे गुण १० च्या खाली जात नाहीत, त्यामुळे सर्वगुणसंपन्न पिल्लू २१६ मध्ये एक. ‘लकी’ अदलाबदलीत खालची पायरी १२, म्हणून ६४ मध्ये एक. इथे अंडं खरोखर चालूनच फुटतं. दहा किलोमीटरचं अंडं घेऊन नशिराबादहून हायवेच्या कडेने निघालं, तर जळगाव येता येता ते फुटायच्या बेताला येतं.

इथवर सगळं पडद्यावरचं. आता गोठ्यात या.

गायीच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात. शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं. कोणतं, ते नशीब ठरवतं. म्हणजे दोनाला तीस वेळा गुणायचं. उत्तर : १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४. पोकेमॉनच्या सहा गुणांचा आकडा हाच, शेवटच्या अंकापर्यंत हाच. ३२ म्हणजे पाच वेळा दोन आणि गुण सहा, म्हणून तिथेही तीस वेळा दोनच गुणले गेले होते. आपल्याकडच्या म्हशीच्या जोड्या २५. तिचा आकडा ३ कोटी ३५ लाख ५४ हजार ४३२, म्हणजे पाच गुणांचा पोकेमॉन. सातपुड्याच्या बाजूचं, तापी खोऱ्यातलं थिल्लारी म्हणून ओळखलं जाणारं खिल्लार घ्या. त्याच्या एका वळूकडून जेवढ्या तऱ्हेचे शुक्राणू संभवतात, तेवढ्याच तऱ्हेने एक गार्चॉम्प जन्माला येऊ शकतो. आणि ही मोजणी ढोबळ आहे. जोडीतली गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात ते धरलं तर आकडा कितीतरी फुगतो.

गाय भरवायला डॉक्टर येतात तेव्हा द्रव नायट्रोजनच्या टाकीतून, उणे १९६ अंशांच्या थंडीतून, एक बारीक नळी काढतात. तिच्यात साधारण दोन कोटी शुक्राणू असतात. त्यातला प्रत्येक वेगळ्या तऱ्हेचा असला तरी १०७ कोटींपैकी दोन टक्केसुद्धा तऱ्हा त्या नळीत आलेल्या नाहीत. त्यातून फळतो एकच. गायीकडूनही तेवढ्याच तऱ्हा संभवतात, म्हणून एका वासराच्या एकूण शक्यता दोनाचा साठावा घात. भास्कराचार्यांनी स्थानांची नावं सांगितली ती एक, दश, शत अशी चढत परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यं. एका जोडीच्या वासराचा आकडा साडेअकरा परार्धांच्या वर जातो. आचार्यांच्या यादीतलं शेवटचं नाव संपतं, तरी गोठ्यातला हिशेब उरतो.

आणि इथे अंडं मिनिटात फुटत नाही. गाय नऊ महिन्यांहून थोडं जास्त गाभण राहते. वळूच्या मुलींनी दूध किती दिलं हे पाहून त्याची पारख करायची तर सहा-सात वर्षं सहज जातात. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला ‘बाएफ’ ही संस्था उभी केली आणि पैदाशीचं काम गावोगावच्या गोठ्यांत नेलं. पडद्यावर मूल एका सुटीत ज्या पिढ्या पाहतं, त्या शेतकऱ्याच्या एका जन्मात मावत नाहीत. म्हणूनच चांगली वळू-गाय राखणाऱ्या, पोळ्याला बैलाची वंशावळ तोंडपाठ सांगणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांच्याकडे लाल दोरा नव्हता, गुण दाखवणारा पडदा नव्हता. पाठ, खूर, चाल, डोळा पाहून त्यांनी चांगलं ते ठेवलं आणि पुढच्या पिढीत घातलं.

खानदेशात याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. केळीचा जी-९ हा वाण. गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३, म्हणून बी धरत नाही. टिश्यू कल्चरची रोपं म्हणजे एकाच झाडाच्या प्रती; शक्यतांचा आकडा एक. घड सारखे, कापणी सारखी, बाजारात मान. पण ज्या रोगाने एक झाड पडेल त्याच रोगाने सगळी पडू शकतात. विसाव्या शतकात ग्रोस मिशेल ही जगभर विकली जाणारी केळी पनामा रोगाने अशीच बाजारातून गेली. खेळात सहाही गुण ३१ ही शेवटची मंजिल. शेतात मात्र १०७ कोटींची ती वखार भरलेली राहिली पाहिजे, कारण उद्या कोणता गुण उपयोगी पडेल हे आज ठरलेलं नसतं.

महाराष्ट्राच्या दहावीच्या गणितात ‘संभाव्यता’ हे प्रकरण आहे. त्यात फासे, नाणी आणि पत्ते येतात. त्यांच्या शेजारी पोकेमॉनचं अंडं आणि गोठ्यातली गाय बसवायला हवी. जे मूल १९२ पैकी ३७ हा अपूर्णांक स्वतः मांडू शकतं, त्याला वारसा, निवड आणि संयम हे तिन्ही धडे कळलेत. त्याच्या हातातला फोन काढून घेण्याआधी मोठ्यांनी एकदा शेजारी बसून विचारावं : आईबाप कोणते निवडलेस, आणि का? उत्तर देताना ते लीलावतीचं गणित करत असेल. आपण ते ओळखलं, तर त्याच्या आवडीला पुढे पशुपैदासशास्त्राची, बियाण्यांची, जनुकांची वाट सापडू शकते. या जिल्ह्याला अशा माणसांची गरज आहे.